दुकानातली झोप

तीन महिने माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. नणंद म्हणाली, "मॅग्नेशियम घे, मला लागते झोप." डॉक्टर म्हणाले, "ठोस पुरावा नाही. घेऊन बघा हवं तर."

दुपारी त्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेले, तर दुकानदारच काउंटरवर डोकं टेकवून गाढ झोपलेले. उठवायचं जिवावर आलं. पिशवी मांडीवर घेऊन बाकावर टेकले. पंखा कुरकुरत होता आणि त्यांचा श्वास ओहोटीच्या पाण्यासारखा संथ चालला होता. जांभईसारखी झोपही दुसऱ्याची लागत असेल का, असं काहीसं मनात तरंगत राहिलं.

"काकू, काय हवं होतं?" त्यांनी हाक मारली तेव्हा उन्हं कलली होती. माझ्या गालावर पिशवीची वीण उमटली होती, डॉक्टरांना दाखवण्याजोगी.

"उद्या दुपारी येते," म्हटलं.