लाल तांदळाची गोळी

खंडाळ्याच्या एका हॉटेलात सतरा वर्षं मी काउंटरवर उभा आहे. माझं काम म्हणजे तक्रारी ऐकणं. गिझरचं पाणी कोमट येतं, पोह्यांत मीठ कमी आहे, खोलीतून दरी दिसेल असं सांगितलं होतं आणि धुक्यामुळे काहीच दिसत नाही. धुक्याबद्दलही मी माफी मागतो. पाहुण्याने अर्धं वाक्य उच्चारलं की उरलेलं मला कळतं, इतका कान तयार झालाय. आणि हाच शहाणा भाजे गावात घरी आल्यावर स्वतःच्या आईचं एक साधं वाक्य चार महिने ऐकू शकला नाही. त्याचा राग मला अजून येतो. लोक म्हणतात, झालं ते झालं, सोडून दे. मी सोडणार नाही.

दिवाळीनंतर आईच्या छातीत दुखलं. पिंपरीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथे तिला स्टेंट घातला. गावात त्याला स्प्रिंग म्हणतात. घरी आल्यावर आई बायकांना सांगायची, “छातीत स्प्रिंग घातलीया, आता उड्या मारीत लेण्यावर जायाचं.” सोबत गोळ्यांची पिशवी आली. त्यातली एक कोलेस्ट्रॉलची, रोज संध्याकाळी घ्यायची, आणि स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. घरी मी तिला समजावून सांगितलं, ही रक्तातल्या चरबीची गोळी. झालं, ती भडकलीच. “मला कुटं चरबी? जलमभर चिखलात उभी ऱ्हायले मी. चरबी तुझ्या हाटेलातल्या लोकास्नी.” आमच्याकडे अंगात चरबी आली म्हणजे माणूस माजला. सत्तरीच्या बाईला मी माजलेली म्हणालो, असंच तिला वाटलं. तरी गोळी ती नेमाने घ्यायची.

शनिवार-रविवारी आई लेण्यांच्या पायऱ्यांवर बसते. काकडी, ताक, हंगामात करवंदं. ताकाची कळशी स्वतः डोक्यावर घेऊन निम्म्या पायऱ्या चढायची, तिथे एका वळणावर सावलीत तिची ठरलेली जागा. होळीच्या आसपास ती पहिल्यांदा म्हणाली, “पाय भरून आल्यात रं.”

हे वाक्य आमच्या मावळात कोण म्हणत नाही? आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावून आलेली प्रत्येक बाई ओट्यावर टेकताना हेच म्हणते. मी लहानपणापासून हे इतक्या वेळा ऐकलंय की ते मला ऐकू येणंच बंद झालं होतं. पण होळीला आवणी नसते. शेतं तेव्हा कोरडी ठणठणीत असतात, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. मी म्हणालो, “वय झालं आई, व्हायचंच.” पुढच्या महिन्यात तिने कळशी सोडली आणि छोटी किटली घेतली. त्याच्या पुढच्या महिन्यात तिने वळणावरची जागा सोडली आणि खाली, पहिल्या पायरीपाशी बसायला लागली. तिथे ऊन असतं. मी येता-जाता ते बघत होतो. बघून मी तिला छत्री आणून दिली.

लोणावळ्यात आमच्या ठरलेल्या डॉक्टरांकडे तपासणीला नेलं. नजर कॉम्प्युटरवर ठेवून त्यांनी विचारलं, “स्नायू दुखतात का?” आईने माझ्याकडे पाहिलं. स्नायू हा शब्द आमच्या गावात फक्त शाळेच्या पुस्तकात असतो. ती काही बोलायच्या आत मीच म्हणालो, “नाही डॉक्टर, पाय जरा भरून येतात. वय झालंय ना.” डॉक्टर म्हणाले, “बरोबर आहे. चालत ठेवा त्यांना.” त्यांनी टकटक काहीतरी टाइप केलं, पुढचा पेशंट आत आला, आम्ही बाहेर आलो. त्या डॉक्टरांना मी खूप शिव्या घातल्या आहेत, मनात आणि मोठ्यानेही. विचारायचं म्हणून विचारलं, ऐकायचं म्हणून नाही. पण उत्तर मी दिलं होतं. आईचं तोंड तोवर उघडलंही नव्हतं.

मग उपाय सुचवणारे आले. शेजारच्या मावशींनी लसणाच्या पाकळ्या सांगितल्या, कोणी अर्जुनाच्या सालीचा काढा, कोणी भिजवलेली मेथी. एका भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला, त्यातला माणूस ओरडून सांगत होता की या गोळ्या म्हणजे कंपन्यांचं कारस्थान आहे आणि आजच्या आज फेकून द्या. मी हसलो. मी शिकलेला, मी काय असल्या गोष्टींना भुलतो! मला भुलवायला मुंबईहून एक मॅडम यायच्या होत्या.

त्या आमच्या नेहमीच्या पाहुण्या. महिन्यातून एकदा येतात, व्हरांड्यात योगासनं करतात, साखरेचा चहा घेत नाहीत. काउंटरवर बोलता बोलता मी आईचं सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी एक देखणी बाटली माझ्या हातात ठेवली. “कोलेस्ट्रॉलवर उत्तम. शंभर टक्के नैसर्गिक, लाल तांदळापासून बनवलेलं. तुमच्याकडे तर तांदळाचंच राज्य आहे.”

तांदूळ म्हणाल्या आणि मी गार झालो. आम्ही भातवाले लोक. आमच्या घरात इंद्रायणी शिजली की वास वाटेपर्यंत जातो. आजारी माणसाला आम्ही पेज देतो, बाळाच्या तोंडात पहिला घास भाताचा घालतो. तांदळाने कुणाचं वाईट होईल हे आमच्या डोक्यात शिरूच शकत नाही. मी ती बाटली प्रसादासारखी दोन्ही हातांनी घरी नेली. आईने झाकण काढून एक कॅप्सूल हुंगली. “तांदळाचा वास तर न्हाई येत.”

“अगं, औषधाला कसला वास येणार!”

तिने ती पाण्याबरोबर घेतली. तांदूळ म्हणून घेतली, आणि मी दिली म्हणून घेतली. डॉक्टरची गोळी बंद करायची नाही हे माझ्या लक्षात होतं, म्हणून तीही चालू ठेवली. दोन्ही बाजूंनी बंदोबस्त केला, असं मला वाटत होतं.

आषाढात आवणी सुरू झाली. आईला नको म्हटलं तरी ती शेतावर गेलीच. कोपऱ्यातल्या लहान खाचरात दोन ओळी लावल्या आणि तिला सरळ उभं राहता येईना. वाकलेली तशीच राहिली. “उठवा गं मला,” म्हणाली, तर बाया हसल्या, त्यांना वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. माझी बायको धावली. तिघींनी धरून तिला बांधावर बसवलं.

बायकोचा फोन आला तेव्हा मी एका पाहुण्याची चहाबद्दलची तक्रार वहीत लिहून घेत होतो. ती म्हणाली, “आईंना पायच उचलता येईनात. आणि दोन दिवसांपासून त्यांची लघवी काळ्या चहासारखी होतेय, मला आत्ता सांगितलं त्यांनी.” मी तिच्यावरच ओरडलो. आईने मला का नाही सांगितलं?

“तुम्हाला सांगून काय होतं? तुम्ही म्हणता वय झालं.”

त्या ठरलेल्या डॉक्टरांकडे मी गेलो नाही. लोणावळ्यातच दुसरीकडे नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्या खुर्चीवरून उठल्या, आईच्या खाटेपाशी आल्या आणि मांडीवर हात ठेवून म्हणाल्या, “आजी, हे मांडीचं मास दाबलं तर कळ येते का?”

“लय येती,” आई म्हणाली. “शिमग्यापासनं येती. पायऱ्या चढाया गेलं की पाय माझं न्हाईतच असं हुतंय.”

शिमग्यापासून. मी तिथेच उभा होतो. इतक्या महिन्यांत तिला हे असं कोणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी घरातली सगळी औषधं मागवली, काढे, पावडरी, जे काही पोटात जातं ते सगळं. बायकोने पिशवी त्यांच्या टेबलावर पालथी केली. बाटलीवरची बारीक अक्षरं त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग मला समजावलं, अगदी शांतपणे, आणि त्या शांतपणाने मी जास्त मेलो. हा जेवायचा तांदूळ नाही. तांदळावर एक लाल बुरशी वाढवतात, आणि तिच्यात जे तयार होतं ते त्या कोलेस्ट्रॉलच्या गोळीच्याच जातीचं औषध आहे. “तुम्ही गोळीला पर्याय दिला नाहीत, गोळीवर गोळी दिलीत,” त्या म्हणाल्या. “पहिलीनेच त्यांच्या स्नायूंना त्रास होत होता. दोन्ही मिळून मांस झिजायला लागलं, त्याचा भार किडनीवर आलाय.”

“पण नैसर्गिक लिहिलंय त्यावर,” मी म्हणालो. सतरा वर्षं काउंटरवर काढलेल्या माणसाला एवढंच सुचलं. त्यांनी नर्सला सलाईन लावायला सांगितलं.

चार दिवस सलाईन, रोज रक्त, रोज लघवी मोजायची. किडनी सावरली. सावरली नसती तर काय, हा विचार मी अजून पुरा करत नाही.

मॅडम पुढच्या महिन्यात आल्या. मी बाटली काउंटरवर त्यांच्यासमोर ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. हळू आवाजात सांगायचं ठरवलं होतं, पण हॉल ऐकत होता. त्या आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग म्हणाल्या, “मी कुठे म्हटलं होतं दोन्ही एकत्र द्या?” नव्हतंच म्हटलं. डॉक्टरला न विचारता दे असंही म्हटलं नव्हतं, विचारून दे असंही नाही. माणसाने देखणी बाटली काढून कुणाच्याही आईसाठी द्यावी आणि पुन्हा योगासनं करायला निघून जावं, याची मला चीड येते. मॅनेजरने नंतर मला केबिनमध्ये बोलावून समज दिली. दिली तर दिली.

सगळ्या चरबीच्या गोळ्या काही आठवडे बंद होत्या. आईच्या पायांत हळूहळू जीव आला. आधी संडासापर्यंत, मग अंगणात, मग देवळापर्यंत. ती म्हणायला लागली की आता कसलीच गोळी नको, आणि भाचा फोनवर म्हणाला, बघा, मी सांगितलं होतं. पण छातीत स्टेंट आहे. काहीच न घेणं म्हणजे पुन्हा तेच संकट ओढवून घेणं, हे मला कळत होतं, आणि तिला ते मी सांगितलं तर ती आता का ऐकेल, हेही कळत होतं.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आल्यावर डॉक्टरबाईंनी पुढचं ठरवायला बोलावलं. त्यांनी आईकडे बघत सांगितलं की वाटा आहेत. त्याच जातीतली दुसरी गोळी, अगदी कमी डोसमध्ये, दिवसाआड सुरू करून बघता येईल. तिच्या जोडीला एक वेगळ्या प्रकारची गोळी असते, ती आतड्यातून काम करते, पायांना सहसा त्रास देत नाही. तेही सोसलं नाही तर इंजेक्शनं आहेत. लसूण खायचा तर भाजीत खा, पण या औषधाच्या जागी नको. आणि पाय पुन्हा दुखले तर त्याच दिवशी सांगायचं. “आता आजी, मला सांगा, तुम्हाला दिवसभरात किती चालावं लागतं? कुठे चढ असतो, कुठे—”

“शनिवार-रविवार पायऱ्या असतात तिला,” मी म्हणालो, “पण आता वयामुळे—”

आई माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

“तू भाईर बस.”

“अगं, तुला त्यातलं काय—”

“पाय माझं हायत. मी सांगते बाईला. तू बोलाया लागलास की माझं पाय म्हातारं हुत्यात.”

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. मी उठेपर्यंत त्या थांबल्या. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आतून आईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ती खूप वेळ बोलत होती आणि तिला कोणी मध्येच तोडत नव्हतं. बाकावर मी एकटाच होतो आणि राग काढायला माझ्याशिवाय तिथे दुसरं कोणी नव्हतं.