शेवटचं पान

परवा एका ग्रुपवर एका जुन्या, अवघड कादंबरीवरून वाद पेटला. "कोणी शेवटपर्यंत वाचलीय का?" असं एकाने खवचटपणे विचारलं... आणि मला साठ सालच्या सुमाराचं आमचं कोकणातलं गाव, आगरदांडा आठवलं.

माझे वडील, अण्णा, तिथे शाळामास्तर. मुंबईच्या पेपरांत त्या कादंबरीवर कोणी ना कोणी लेखक तावातावाने लिहायचा. अण्णांनी ती मागवली आणि श्रावणात शाळेच्या पडवीत, पोथी लावतात तशी, रोज संध्याकाळी वाचायला घेतली. वाचणार अण्णा, अर्थ सांगणार गावचे डॉक्टर.

चार दिवसांत डॉक्टरांनी हात टेकले. पोस्टमास्तर बसल्या बसल्या घोरायचे. अण्णांचे एक कथालेखक मित्र मुद्दाम ऐकायला आले, थोर कलाकृती आहे म्हणाले, आणि चहाला म्हणून जे उठले ते परत आलेच नाहीत...

उरली एकटी रखमाकाकी, कोळीवाड्यातली. तिचा मुलगा वैशाखात होडी घेऊन गेला होता, तो परतलाच नव्हता. मास्तरांनी पोथी लावलीय एवढंच तिच्या कानावर आलेलं. रोज पुस्तकावर एक फूल ठेवायची, वाचन संपलं की हात जोडायची.

पोथी पुरी झाली की पोर घरी येईल, असं ती एकदा माझ्या आईपाशी बोलली. आईने ते अण्णांना सांगितलं.

त्या दिवसापासून अण्णा रोज जेमतेम एक पान वाचायला लागले. मास्तरांनाही झेपेना म्हणून गावाने थट्टा केली. काकीला खरं सांगायचा अण्णांना धीर होत नव्हता, आणि लावलेली पोथी अर्धी सोडवतही नव्हती.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा दर्यात गेल्या. रेटून रेटून एकच पान उरलं. त्या संध्याकाळी काकी नारळ घेऊन आली, तर अण्णा पुस्तक उघडेचनात.

"वाचा गुर्जी," ती म्हणाली. "पोर न्हाय येनार, मना ठाव हाय. तुमीबी दमलाव आता."

अण्णांनी ते पान वाचलं. नारळ तिनेच फोडला, अण्णांच्या, आईच्या, माझ्या हातावर खोबरं ठेवलं. 

परवाचा तो प्रश्न वाचून मी फोन बाजूला ठेवला. मोठेपणी ती कादंबरी मी दोनदा वाचायला घेतली, कळली थोडीफार... शेवटचं पान मात्र दोन्ही वेळा तसंच ठेवलं. ते माझ्याच्याने अजून वाचवत नाही.