सहदेवचं पान

अमरावतीत इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या शाइस्ताने शिकवण्या सोडून ‘बांधावरून’ नावाची वेबसाइट काढली, तेव्हा माहेरच्यांनी कपाळाला हात लावला. नवरा अजहर मात्र म्हणाला, “कर के देख.” त्याचं कापडाचं दुकान बरं चालायचं.

वेबसाइटवर जाहिराती नव्हत्या. वाचक एक बटण दाबून जमेल तेवढं पाठवायचे, मधली एक कंपनी ते तिच्या खात्यात पोचवायची. धारणीच्या पाड्यांपासून अकोल्याच्या बाजारपेठेपर्यंतची तिची धावपळ त्यावरच चालायची.

त्या हंगामात कपाशीवर फवारणी करणारे मजूर विषबाधेने दगावू लागले. अकोल्याजवळच्या एका गावात सहदेव नावाचा मजूर पंप पाठीवर असतानाच कपाशीच्या दोन ओळींमध्ये कोसळला. सरकारी कागदावर मृत्यूचं कारण म्हणून हृदयविकार लिहिला गेला. शाइस्ता त्याच्या बायकोला, माणिकबाईला, भेटली. फवारणीचं औषध कुठल्या कृषी केंद्रातून, म्हणजे खता-औषधांच्या दुकानातून, आलं, त्यात आणखी काय मिसळायला सांगितलं, हे विचारलं, चार जणांकडून ताडून पाहिलं, मगच छापलं. केंद्र तिथल्या आमदाराच्या साडूचं निघालं.

आमदाराने भर सभेत वेबसाइटचं नाव घेतलं. “हे लोक शेतकऱ्याले भडकवून राहिले!” टाळ्या पडल्या. आठवडा उलटायच्या आत कंपनीने कळवलं, तुमचं काम आमच्या धोरणात बसत नाही, सेवा बंद. शाइस्ताने फोन लावला. पलीकडचा मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, ऊपर से आया है. मेरा नाम मत लेना कहीं.” दुसऱ्या कंपनीने आधी होकार दिला नि मग तोंड फिरवलं. तिसरीने फोनच उचलला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं, तर तिने सोसलं असतं. पण कंपनीकडे दुकान आणि वेबसाइट एकाच पत्त्यावर नोंदलेली होती. अजहरच्या काउंटरवरचा पैसे घ्यायचा क्यूआर कोडही बंद पडला. गिऱ्हाईक कापड मापून घ्यायचं, मोबाइल पुढे करायचं, पैसे जायचे नाहीत, मग शेजारच्या दुकानात शिरायचं. नोटाबंदीनंतर खिशात रोकड ठेवायची सवयच मोडली होती.

अजहर भांडला नाही. जेवताना एवढंच म्हणाला, “दुकान का क्या कसूर था, शाइस्ता?”

मग ओमप्रकाश नावाचा व्यापारी निरोप घेऊन आला. आमदाराकडे त्याची ऊठबस होती. “भाभी, वेबसाइटवरचं सहदेवचं ते एक पान काढून टाका. मंग बाकी सगळं पुन्हा सुरू होते.”

शाइस्ता एसटीने माणिकबाईकडे गेली. वाटेत तिने मनाशी ठरवलंही होतं की बाई हो म्हणाली तर काढायचं. खरं तर बाई हो म्हणेल, असंच तिला वाटत होतं. तसं व्हावं, असंही वाटत होतं.

माणिकबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. सगळं ऐकून तिने विचारलं, “तुमच्या घरी लई तरास होऊन राहिला काय, बाई?”

“हो.”

“मंग काढा. मी काय म्हणू?” तिने टरफलं बाजूला सारली. “पण सरकारनं त्याले हार्टाचा आजार लावला. तो औषधानं मेला, हे तुमीच लिवलं. मले वाचता येत नाही. पोरगी वाचून दाखवते.”

शाइस्ताने पान काढलं नाही. अजहरला तसं सांगितलं तेव्हा तो उठून बाहेर गेला. पुढे त्याने भावाच्या नावावर, भावाच्या पत्त्यावर नवा कोड घेतला. दुकान सावरलं, तुटलेली गिऱ्हाइकं काही सगळी परतली नाहीत. शाइस्ता पुन्हा शिकवण्या घेऊ लागली. त्यातून वेबसाइट जिवंत ठेवण्यापुरतं निघायचं, गावोगाव फिरण्यापुरतं नाही. धारणीहून तिला मानधनावर बातम्या धाडणाऱ्या मुलानेही दुसरी नोकरी धरली.

पुढच्या फवारणीत दर्यापूरकडून फोन आला. “ताई, आमच्या इकडे बी तसंच झालं. तुमी कवा येता?”

वर्गात मुलं बसली होती. शाइस्ता व्हरांड्यात आली. “नाव सांगा,” ती म्हणाली, “गाव सांगा.” जायचं भाडं या महिन्यात निघणार नव्हतं, म्हणून फोनवरच एकेक विचारून ती एका वहीच्या मागच्या पानावर उतरवू लागली.