किसनतात्यांचा फेटा

किसनतात्या काल गेले.
माझ्या नाटकातला राजा. तालमीत चार महिने त्यांनी माझं डोकं खाल्लं.

नाटक इंग्रजांच्या एका जुन्या राजाचं. चुलतभाऊ त्याचं राज्य काढून घेतो, एवढीच गोष्ट. मी ते आजच्या काळात आणलं. सिंहासनाच्या जागी प्लास्टिकची खुर्ची, मुकुटाच्या जागी फेटा आणि भाषा आपली.
म्हटलं, बोरी बुद्रुकला भाऊबंदकी काय समजावून सांगायची.

राजा तात्या. आणि चुलतभाऊ म्हणून मी घेतले त्यांचे खरेखुरे चुलतभाऊ, बबनअण्णा.
दोघांची विहीर सामाईक. पाण्याची पाळी आधी कुणाची, यावरून नऊ वर्षं बोलणं बंद. स्टेजवर राग खरा दिसेल, हा माझा डायरेक्टरी शहाणपणा.

दिसला की. तालमीत दोघं डायलॉगपुरतंच बोलायचे. चहासुद्धा दोन टोकांना बसून.

शेवटच्या सीनला मात्र गाडी अडायची. राजाने आपल्या हाताने फेटा उतरवून भावाला द्यायचा. तात्या द्यायचेच नाहीत.
“खुर्चीवर ठिवतो. त्याला पायजे तर उचलंल.”
“तात्या, नाटक आहे हे.”
“गाव बघनार हाय ना? मग कसलं नाटक?”

त्यांचंही खरं होतं. आपल्याकडे डोक्यावरचं काढून दुसऱ्याच्या हातात दिलं की माणूस शरण गेला.
मी हात टेकले. ठेवा खुर्चीवर.

यात्रेत प्रयोग झाला. अख्खं गाव समोर.
तात्यांनी फेटा उतरवला. खुर्चीपर्यंत गेले, थांबले.
मग वळून अण्णांसमोर धरला.
अण्णांनी आधी स्वतःची टोपी काढली, मग दोन्ही हात पुढे केले.
“घे अण्णा. हिरीचं पानी बी आदी तूच घे.”

हे वाक्य माझ्या नाटकात नव्हतं.
अण्णा पुढचं सगळं विसरले. मी विंगेतून प्रॉम्प्ट करतोय आणि हा माणूस रडतोय. पब्लिक म्हणालं, लई भारी ॲक्टिंग.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मोटर चालू केली आणि पाणी सोडलं ते तात्यांच्या कांद्याला.
तेव्हापासून दोघं ‘आदी तू घे’ म्हणून भांडायचे.

काल तात्यांना न्यायच्या आधी अण्णा तोच फेटा घेऊन आले.
“तीनदा परत द्याया गेलो व्हतो. दिलेलं माघारी घेत नसतो म्हनायचा. आता कसा नाय म्हनतोय बगू.”
आणि आपल्या हाताने तात्यांच्या डोक्याला बांधला.
स्वतःची टोपी खिशात.

तात्या, माझा शेवटचा सीन तुम्ही बिघडवलात. बरं केलंत.
राजे, आमचा शेवटचा रामराम घ्या.