फिट आली आणि मी कांदा घेऊन धावले

मंडळी, आजची गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

आज सकाळी करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीची मीटिंग चालू असताना वॉचमन शिंदेकाका खुर्चीवरून कोसळले. फिट आली होती. लगेच एकाने नाकाला लावायला चप्पल काढली, दुसऱ्याने त्यांचे हात दाबून धरले. मी तळमजल्यावरच्या आमच्या घरातून कांदा फोडून आणला. आमच्या गावाकडे हेच करतात ना!

तेवढ्यात माझी अकरावीतली तन्वी पुढे घुसली. तिच्या कॉलेजात मुलांना ॲम्ब्युलन्समधल्या कामाचं ट्रेनिंग देतात. "अभ्यास सोडून हे काय खूळ?" असं मीच तिला रोज बोलायचे.

"काका, हात सोडा त्यांचे. तोंडात काही घालू नका. पाटीलकाका, तुम्ही ॲम्ब्युलन्सला फोन करा. आणि आई, तो कांदा ठेव, घड्याळ बघ!"

तिने ओढणीची घडी त्यांच्या डोक्याखाली सरकवली. झटके थांबताच शिंदेकाकांना कुशीवर वळवलं. एरवी एकमेकांचं न ऐकणारी अख्खी कमिटी एका पोरीचं ऐकत होती!

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी आल्या आल्या विचारलं, "झटके किती वेळ होते?"

"मी घड्याळ बघायला लागल्यापासून दोन मिनिटं वीस सेकंद!" मी ओरडलेच.

काका आता बरे आहेत. शुद्धीवर येऊन पहिलं काय विचारलं माहितीये? "गेटवर कोण आहे?"

घरी आल्यावर तन्वी म्हणाली, "आई, वेळ बरोबर सांगितलीस हां." एवढी शाबासकी मला शाळेतही मिळाली नव्हती.

खरं सांगा, तुमच्याकडे कांदा घेऊन धावणारं कोण आहे? त्यांच्या हातात आजच घड्याळ द्या.