रंकाळ्याचं झाकण

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस उभ्या कोल्हापुरात झाला नसेल, आणि टीव्हीवर दिसायची त्यांच्याइतकी हौस असलेलाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शिरोलीच्या फौंड्रीतली बरी चाललेली नोकरी सोडून त्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गच्चीवर छत्री बसवली, गल्लीभर वायरी ओढल्या आणि केबल सुरू केली. बरं, पिक्चर दाखवून गप्प बसावं की नाही? छे! त्यांना स्वतःचं चॅनल पाहिजे होतं. स्वयंपाकघराच्या अलीकडच्या खोलीत अक्काच्या शिलाई मशीनवर लग्नाच्या शूटिंगचा जुना कॅमेरा ठेवला, भिंतीला निळी चादर ठोकली, की झाला स्टुडिओ. त्याच चादरीपुढं सात वाजता बातम्या, त्याच चादरीपुढं शेतीसल्ला, आणि दोन्हीकडं दाजीच. शेतीला तेवढी डोक्यावर टोपी. पलीकडं अक्काचा कुकर चालू असायचा. दाजी वाचता वाचता शिट्टीला थांबायचे आणि तिसरी झाली की हवामानाकडं वळायचे. गल्लीतल्या चार-दोन बायका त्या शिट्टीवर आपापला गॅस बंद करायच्या असं अक्का सांगायची, आणि मला ते अजिबात खोटं वाटत नाही.

पण या हौसेला भीतीची जोड फार वाईट होती. आपण दिसतोय की नाही, या एका काळजीनं दाजींनी निम्मं रक्त आटवलं. बातम्यांची कॅसेट परत लावून ते गल्लीत निघायचे आणि लोकांच्या खिडक्यांतून डोकावून बघायचे, आपलं चॅनल लागलंय का. एकदा कोडोलीहून सासरवाडीला आलेल्या एका जावयानं चोर समजून त्यांची गचांडी धरली. दाजी कळवळून ओरडले, "सोडा ओ पावणं, चोर न्हाय मी! मी बातम्या हाय!" जावयानं आत टीव्हीकडं बघितलं, मग दाजींकडं बघितलं, आणि चहा पाजूनच सोडलं.

खरं दुखणं वेगळंच होतं. दाजी जे जीव ओतून सांगायचे, त्यालाच लोक हसायचे. म्हशीवाल्या बापूंची म्हैस हरवली तेव्हा दाजींनी डोळ्यांत पाणी आणून कॅमेऱ्यात बघत सांगितलं, "बापूंच्या म्हशी, असशील तिथनं घरी ये. तुला कुणी रागावणार न्हाय." गल्ली हसून हसून लोळली. दाजी रस्त्यानं निघाले की पोरंटोरं हंबरायची. म्हैस दोन दिवसांनी आली, पण दाजींच्या मनातनं ते काही गेलं नाही. "दुभती म्हस हाय," ते मला म्हणाले, "हसण्यासारखं काय हाय त्यात?"

आणि मग शिमग्याच्या तोंडावर ते माझ्याकडं आले. मी शाळामास्तर, स्नेहसंमेलनाची नाटुकली लिहिणारा. म्हणाले, "पावणं, हसायचंच असंल तर एकदा माझ्या मनानं हसू देत की लोकास्नी. आपल्याच चॅनलची टर उडवूया. एक माणूस जरी खळखळून हसलं तरी बास. मग मी मरायला मोकळा." मला काय अवदसा आठवली देव जाणे, मी एका बैठकीत लिहून दिलं. त्यातली मुख्य बातमी अशी: रंकाळ्यात धूळ पडू नये म्हणून तळ्याला झाकण बसवायचं ठरलं आहे, झाकणाला वर शिट्टीही असेल, हरकती लेखी कळवाव्यात.

दाजींनी ते वाचलं. पण तीच चादर, तोच शर्ट, आतनं तोच कुकर, आणि भीतीनं सुकलेलं तेच तोंड. टर कुठली आणि रोजच्या बातम्या कुठल्या, हे कुणी कसं ओळखावं? कोणी हसलं नाही. सकाळी दारात चाळीस माणसं उभी, पुढं बापू, हातात लेखी हरकतींची चवड. रातोरात 'झाकणविरोधी कृती समिती' निघाली होती. आमच्या गावाला कृती समिती काढायला कारण लागतं असं नाही, इथं तर कारणही होतं. बापू गरजले, "झाकण बसल्यावर म्हशी धुवायच्या कुठं? उद्या पालिकेवर मोर्चा हाय. तेवढं सातच्या बातम्यांत सांग."

दाजींना तिथंच थंडी वाजून आली. दिवसभर ते घोंगडीत पडून होते आणि मी उशाशी, आरोपीसारखा. खरं सांगितलं तर लोक वायरी कापणार. एका नव्या केबल कंपनीचा माणूस जास्त चॅनलांची यादी घेऊन गल्लीत हिंडतच होता. आणि न सांगितलं तर उद्या मोर्चा. "पावणं, नोकरी सोडली ओ मी ह्याच्यापायी," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. सातला मात्र उठले, चादरीपुढं बसले. कुकरच्या शिट्टीलाही न थांबता त्यांनी वाचलं. "झाकणाची बातमी खोटी हाय. चेष्टा हुती. चुकलो मी. मोर्चा काढू नगासा."

दहा मिनिटांत बापू हजर. "चेष्टा? मग काल हसला का न्हाईस? चेष्टा करतेल्या माणसानं आधी आपण हसाय नको? इतकी वर्सं तू सांगशील त्ये खरं धरलं आमी." दाजी मान खाली घालून उभे. शेवटी बापूच विरघळले. "जाऊ दे. पर पुन्हा असली चेष्टा केलीस तर पयली वायर माझ्या घरची तुटंल, सांगून ठेवतो." दाजींनी अंबाबाईची शपथ घेतली आणि ती पाळली. चॅनल पुढं बरीच वर्षं चाललं, घरोघरी सेट-टॉप बॉक्सचे खोके येईपर्यंत. त्या दिवशी बापू गेल्यावर मला त्यांनी हळूच विचारलं होतं, "पावणं, खरं सांगा, एक तरी माणूस हसलं का ओ?"

दाजी जाऊन आता काही वर्षं झाली. मागच्या दिवाळीत अक्काकडं गेलो होतो, ती लसूण सोलत बसली होती. मी सहज म्हणालो, "बिचाऱ्यांच्या त्या झाकणाला कोणी हसलं नाही बघ."

"मी हसलतो की," अक्का म्हणाली. "शिट्टीचं ऐकलं आणि पदर तोंडात कोंबून मोरीत जाऊन बसलो. आवाज टीव्हीत जाईल म्हणून. पोट दुखलं बाबा हसून."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पुन्हा केलं असतं त्यांनी. पुन्हा ती थंडी, ती धडधड. माझ्यानं बघवत नव्हतं रं." तिचे हात थांबले होते. मग म्हणाली, "सांगायला पायजे हुतं. जाताना तरी."