काम पुण्याला गेलं तेव्हा ताई शेजारी बसल्या

आदरणीय विमलताई वासनिक यांची आणि माझी ओळख एका वाईट सकाळी झाली. कापेल आन डेन आयसेल या डच गावातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी नवा होतो. सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावून साहेबांनी सांगितलं, आपल्या विभागाचं काम आता पुण्याला जाणार. एकेक मान माझ्याकडे वळली. मी पुण्याचा. उठून निघून जावंसं वाटलं. तेवढ्यात हेल्पडेस्कच्या एक बाई आपली खुर्ची उचलून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "माझीही नोकरी चाललीय रे. बस असाच."

त्याच ताई. मूळच्या नागपूरच्या, यजमानांच्या संशोधनामुळे इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. सहकाऱ्यांनी त्यांना आपला प्रतिनिधी म्हणून निवडून दिलं होतं.

माझा इथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की थोडक्या मुदतीत दुसरी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. मुलगी शाळेत नुकती रुळली होती, झोपेत डच बोलायची.

काम शिकून घ्यायला पुण्याहून दोन मुली आल्या. त्यांच्याशी कुणी बोलेना. मीही टाळायचो, न जाणो, मी त्यांच्यातला ठरलो तर! ताई मात्र रोज त्यांना आपल्या टेबलावर जेवायला बसवीत. एका डच सहकाऱ्यानं त्यांना तोंडावर विचारलं, "आपल्या पोटावर पाय देणाऱ्यांना जेवायला बसवता?" ताई म्हणाल्या, "निर्णय त्यांनी घेतला नाही. आणि त्याही घाबरल्यात, दिसत नाही का तुम्हाला?"

जवळचाच एक कारखाना तेव्हा स्वस्त परदेशी मालापुढे बंद पडला होता. तिथल्या कामगारांना सरकारी मदत मिळाली: नवं शिक्षण, नवी नोकरी शोधायला मदतनीस. आम्हीही अर्ज केला, पण नकार आला. ताई मला बरोबर घेऊन त्या सरकारी कार्यालयात गेल्या. ट्राममध्ये त्या हातातले कागद सारखे उलटसुलट करत होत्या. मी पाहिलं, हे त्यांच्या लक्षात आलं. "मलाही भीती वाटते, हेमंत. साठीकडे झुकलेल्या बाईला कोण घेणार कामावर?"

अधिकारी सौम्य होते, पण ठाम. "मदत परदेशी व्यापाराचा फटका बसलेल्यांसाठी आहे. तुम्ही वस्तू बनवत नाही, सेवा देता."

ताई शांतपणे म्हणाल्या, "त्यांचं काम जहाजानं गेलं, आमचं तारेनं गेलं. टेबल दोघांचंही रिकामं झालं ना? घरी जाऊन मुलांना काय सांगायचं, हे दोघांनाही कळत नाही."

अधिकाऱ्यांनी आमचा अर्ज पुन्हा उघडला. मग म्हणाले, "वर विचारतो."

ताई पुन्हा पुन्हा जात राहिल्या. अखेर आमच्या विभागालाही मदत लागू झाली. कॅन्टीनमध्ये लोक रडले. पण ती मदत फक्त कायम रहिवाशांना होती. मी त्यात बसत नव्हतो. तो आनंदाचा गलका ऐकत मी एका कोपऱ्यात उभा होतो, आणि इतका मी कधीच भ्यालो नव्हतो.

ताईंनी स्वतःचं अभिनंदनही नीट स्वीकारलं नाही. ओळखीपाळखीतल्या प्रत्येकाला फोन करून त्यांनी माझ्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाच्या मास्ट्रिख्टमधल्या एका संशोधन गटात मुलाखत ठरवली. एवढा लांबचा रेल्वेप्रवास करून स्वतः सोबत आल्या. आत जाताना मी म्हणालो, "ताई, नाही झालं तर?" त्या म्हणाल्या, "तर बाहेर मी आहे. आपण दोघं मिळून घाबरू." मुदत संपता संपता ती नोकरी मला मिळाली. ताई सरकारी मदतीतूनच नवं शिकल्या आणि आज या देशात नव्यानं आलेल्यांना नोकरी शोधायला मदत करतात.

ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्याच महिन्यात माझ्या परवान्याचं नूतनीकरण आहे. भीती गेलेली नाही, ताईंचीही गेली नसावी. काम आणखी कुठे कुठे जाईल, कोण जाणे. अशा दिवसांत ताई आपल्यात हव्यात, धडधाकट, खणखणीत आवाजाच्या, पुष्कळ पुष्कळ वर्षं. ही शुभेच्छा आहेच. पण खरं सांगायचं तर ही आम्हा सगळ्यांची विनवणी आहे.